रयतेचा कैवारी : महात्मा जोतीराव फुले

बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाशी उभे राहिले की होऊन गेलेल्या राजवटींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फारुकी सुलतान आले आणि गेले. मोगल बादशहा आले आणि गेले. शहाजहानची बेगम मुमताजमहल हिने १६३१ साली याच शहरात प्राण सोडला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला. पुढे शनवाऱ्याहून आसीरगडाकडे निघाल्यावर सुमारे वीस किलोमीटरवर, त्याच गडाच्या परिसरात, पेशवाईचीही अखेर झाली. दुसरे बाजीराव पेशवे ढोलकोटजवळ छावणी करून राहिले होते. १८१८ च्या जून महिन्यात ते सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले आणि सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर राज्य सोडून गंगाकाठी बिठूरला गेले.

म्हणजे पुण्याचे राज्य संपले ते आपल्या या निमाडच्या भूमीत. पण राज्य गेले म्हणजे राज्यात रुजलेली उच्चनीचता गेली असे होत नाही. राजा एका कागदावर सही करून गादी सोडतो. जन्माने मिळालेला मान मात्र कोणी सही करून सोडीत नाही. तो ज्यांच्या पाठीवर उभा असतो त्यांनीच ताठ उभे राहावे लागते, तेव्हा कोठे तो खाली येतो. आसीरगडच्या त्या घटनेनंतर नऊ वर्षांनी पुण्याच्या एका माळ्याच्या घरी एक मूल जन्मले. त्याने हे काम अंगावर घेतले. त्या थोर पुरुषाचे, महात्मा जोतीराव फुले यांचे, चरित्र आपल्या मंडळ्यांतील वाचकांपुढे व शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे ठेवावे असे आमच्या मनात फार दिवस होते. ते ख्रिस्ती नव्हते. तरीही ख्रिस्ती मासिकात त्यांचे चरित्र का यावे, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्यास आपोआप कळेल.

फुलांचे घराणे

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा भागातील कटगुण. पूर्वज तेथून पुरंदर भागातील खानवडीस व पुढे पुण्यास आले. वडील गोविंदराव व त्यांचे भाऊ पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार, गजरे पुरवीत. त्यावरून त्यांना फुले हे नाव पडले आणि थोडी जमीनही इनाम मिळाली. मोठ्यांच्या वाड्यात या घराण्याचा प्रवेश होता, पण तो फुलांच्या परडीपुरता.

त्या काळी छत्रपतींच्या नावाने राज्य चाले व खरी सत्ता पेशव्यांच्या हाती असे. दरवर्षी श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना मोठी दक्षिणा वाटली जाई. तो पैसा येई रयतेच्या सारावसुलीतून. नांगर धरणाऱ्याने भरावे आणि ज्याने नांगराला कधी हात लावला नाही त्याने घ्यावे, हे धर्माचे काम समजले जाई. अस्पृश्यांची स्थिती तर याहून कठीण होती. रस्ता, पाणवठा, देऊळ, शाळा यांपैकी काहीच त्यांचे नव्हते.

जोतीरावांची आई चिमणाबाई हे मूल वर्षाचे होण्यापूर्वीच वारली. सगुणाबाई नावाच्या एका नात्यातल्या विधवा बाईने त्यांना आईच्या मायेने वाढविले. ही बाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करी. इंग्रजी बोलणे तिच्या कानावर पडे, आणि शिक्षणाने माणूस कसा बदलतो हे ती रोज पाही. मूल शिकले पाहिजे ही तळमळ जोतीरावांच्या घरात प्रथम या बाईने आणली. मोठमोठ्या चळवळींचा उगम पाहू गेले असता तो कित्येकदा अशा एखाद्या आयाबाईच्या ओट्यात सापडतो.

शाळा सुटली आणि पुन्हा लागली

लहानगा जोती गावठी शाळेत जाऊ लागला. पण माळ्याच्या पोराला अक्षरओळख झाली तर तो बागेत काम करणार नाही, असे एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले, आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढले. त्याच्या हाती पुन्हा खुरपे आले. परंतु रात्री दिव्यापाशी तो वाचीत बसे. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी व लेजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ यांनी मुलाची बुद्धी ओळखली आणि दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका मुसलमानाने व एका ख्रिस्ती माणसाने मिळून एका हिंदू मुलाला शाळेत घातले, ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

मिशनच्या शाळेत त्यांना शास्त्राचे पाठ मिळाले, इंग्रजी मिळाले, आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे यांच्यासारखे जन्माचे मित्र मिळाले. हे मित्र ब्राह्मण होते. जोतीरावांचा लढा कोणाशी होता हे समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. जन्माच्या मिरासदारीशी त्यांचे वैर होते. जो तिच्यावरचा हक्क सोडील तो त्यांचा भाऊच होता.

१८४७ च्या सुमारास टॉमस पेन या लेखकाचा माणसाच्या हक्कांविषयीचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. तो ग्रंथ १७९१ व १७९२ साली दोन भागांत निघाला होता आणि त्यात फ्रान्समधील क्रांतीचे समर्थन होते. त्या क्रांतीची थोडी हकीकत येथे द्यावी असे वाटते. फ्रान्सच्या राजाच्या अमलात प्रजेचे तीन वर्ग मानले जात. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सर्वांचा, म्हणजे शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील यांचा. पहिल्या दोन वर्गांना बहुतेक कर माफ असत. भार सगळा तिसऱ्यावर. १७८९ साली खजिना रिकामा झाला तेव्हा राजाने तिन्ही वर्गांची सभा बोलाविली आणि तिसऱ्या वर्गाने आपणच राष्ट्र आहोत असे जाहीर केले. त्या वेळी पहिल्या वर्गातील कित्येक गरीब खेड्यांतले धर्मगुरू आपल्या बिशपांना सोडून सामान्य लोकांच्या बाजूस जाऊन बसले. पुढे त्या क्रांतीत फार रक्त सांडले, हेही विसरता येत नाही. खुद्द पेन याने राजाला फाशी देऊ नये म्हणून सभेत रदबदली केली आणि त्यापायी पुढे तुरुंगही भोगला. हाच पेन पुढे चर्चवरही कडाडून टीका करू लागला. मंडळी जेव्हा मिरासदारांच्या पंक्तीत बसते तेव्हा न्यायाची चाड असलेली माणसे तिच्यापासून दूर जातात, हा धडा त्यातून आपण घ्यावा.

वरातीतील अपमान

१८४८ साली जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाला गेले. वरातीत ते इतरांबरोबर चालत असता कोणीतरी त्यांना ओळखले आणि माळ्याच्या जातीचा असून आमच्या बरोबरीने चालतोस, म्हणून सर्वांदेखत हिणवून मागे हटविले. घरी येऊन त्यांनी वडिलांना हे सांगितले. गोविंदरावांना मुलाचे दुःख कळले, पण त्याहून भय अधिक वाटले. पेशवाईत याहून लहान अपराधाला कशा शिक्षा होत हे त्यांना ठाऊक होते. थोडक्यात सुटलास, असाच त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

बाप घाबरला, पण मुलगा विचारात पडला. एका वरातीचा सूड घेण्याचे त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी स्वतःला विचारले की, मला एक दिवस जे सोसावे लागले ते माझ्याहून खाली मानलेल्या महार-मांगांना रोज सोसावे लागते, आणि प्रत्येक घरातील स्त्रीला तर जन्मभर. मग आधी कोणाचा हात धरावा? स्वतःच्या अपमानातून दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जो पोहोचतो तोच पुढारी होण्यास लायक असतो. बाकीचे केवळ जागा बदलू पाहतात.

भिडेवाड्यातील शाळा

त्याच वर्षी गोवंडे यांच्याबरोबर जोतीराव अहमदनगरला गेले व तेथे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली. फरार बाई १८२७ साली, म्हणजे जोतीरावांच्या जन्मवर्षीच, हिंदुस्थानात आल्या होत्या. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यासाठी आलेली पहिली अविवाहित स्त्री म्हणून त्यांचे नाव सांगतात. त्यांची शाळा पाहून जोतीरावांचा निश्चय झाला आणि १८४८ सालीच पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली.

शिक्षिका कोठून आणावी? त्यांनी आपल्या पत्नीलाच शिकविले. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला होता व १८४० साली त्यांचे लग्न झाले होते. पुढे त्यांनी फरार बाईंच्या व पुण्यातील मिचेल बाईंच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्या शाळेत जाऊ लागल्या तेव्हा रस्त्यात लोक त्यांच्यावर शेण व चिखल फेकीत. घरातही वादळ उठले. सुनेने शाळेत शिकवावे हे भाऊबंदांना सोसेना. शाळा सोडा किंवा घर सोडा, असे गोविंदरावांनी १८४९ साली सांगितले आणि नवराबायकोने घर सोडले. त्यांना आपल्या घरात जागा दिली ती उस्मान शेख यांनी. त्याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या.

१८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात, मग रास्ता पेठेत व १८५२ साली वेताळ पेठेत अशा मुलींच्या शाळा निघाल्या. त्याच सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. तो वाडा दुसऱ्या बाजीरावांनी बांधविलेला. ज्या पेशव्याने आसीरगडाजवळ राज्य सोडले त्याच्याच वाड्यात, पेशव्यांना फुले पुरविणाऱ्याच्या मुलाला शाल मिळाली. तीही लढाईत जिंकल्याबद्दल नव्हे, तर मुलींना अक्षरे शिकविल्याबद्दल.

या शाळांचे फळ काय आले हे आपल्या ख्रिस्ती वाचकांनी विशेष जाणून घ्यावे. मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी तीन वर्षे शाळेत शिकली आणि तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली दोन हप्त्यांत छापला गेला, आणि छापणारे पत्र होते १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेले ज्ञानोदय. ज्या धर्माच्या पुस्तकाला हात लावण्याची आम्हांस बंदी आहे तो धर्म आमचा कसा, असा रोखठोक प्रश्न त्या मुलीने विचारला होता. आपल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी एका निराधार मुलीच्या शब्दांना जागा दिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

अंधारात आलेले मारेकरी

१८५४ पासून काही काळ जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकवीत होते. १८५५ साली त्यांनी मोलमजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८५६ च्या सुमारास दोन इसम त्यांना ठार मारण्यास रात्री घरात शिरले. जोतीराव जागे झाले व त्यांनी शांतपणे विचारले की, मी तुमचे काय वाईट केले? पैशासाठी आलो, असे त्यांनी कबूल केले. माझ्या मरणाने गरिबांचे भले होत असेल तर हरकत नाही, अशा अर्थाचे काही जोतीराव बोलले आणि त्यांनी मान पुढे केली. दोघांच्या हातची शस्त्रे गळाली. त्यांपैकी रोडे हा त्यांचा पाठीराखा झाला व धोंडीराम कुंभार हा शिकून सवरून सत्यशोधक चळवळीतील पंडित झाला. वैऱ्यावर प्रीती करावी हे आपण दर रविवारी ऐकतो. ती कशी करावी हे या घटनेत दिसते.

१८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे व मूल तेथे ठेवून जावे, अशी ती सोय होती. हा प्रश्न मुख्यतः ब्राह्मण घरांतील होता, कारण तेथे विधवेस पुन्हा लग्न करण्याची बंदी होती. ज्या वर्गाने वरातीतून हटविले त्याच वर्गातील टाकलेल्या मुलींना फुले दांपत्याने आधार दिला. त्यांतील काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी पुढे दत्तक घेतले. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाळीत टाकले, पण हौद बंद झाला नाही.

सत्यशोधक समाज

आतापर्यंतचे काम दोघा-चौघांचे होते. १८७३ साली ते अनेकांचे झाले. त्या वर्षी जोतीरावांचा गुलामगिरी हा ग्रंथ निघाला. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्या सदाचारी अमेरिकन लोकांना त्यांनी तो अर्पण केला. पुण्याच्या एका माळ्याने आपल्या महार-मांगांची व शूद्रांची स्थिती सातासमुद्रापलीकडच्या निग्रो गुलामांच्या स्थितीशेजारी ठेवून पाहावी, एवढी त्यांची दृष्टी विशाल होती.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निर्माणकर्ता एक आहे. त्याची भक्ती करण्यास मध्यस्थ भटाची गरज नाही. सर्व माणसे त्याची लेकरे म्हणून भावंडे आहेत, हे त्याचे सार. माळी, कुणबी, साळी, तेली, धनगर असे सामान्य लोक त्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. त्याला भटजी नव्हता. वधूवरांनी एकमेकांस वचन दिले व लग्न झाले. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण खेड्यात जन्म, लग्न, मरण, पेरणी, कापणी या प्रत्येक वेळी ज्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय पान हलत नसे, त्याला न बोलाविता लग्न लागले, ही त्या काळी केवढी क्रांती होती! जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशा लग्नावरून भिक्षुकांनी कोर्टात दावाही लावला होता.

त्याच दशकात दख्खनचा शेतकरी स्वतः उठला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे व नंतर पुणे-नगर भागातील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे व खतपत्रे ओढून काढून जाळली. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना मारले नाही, कागद मात्र जाळले. कारण त्या कागदांतच त्यांची जमीन अडकली होती. सरकारने चौकशी केली व १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. हे वाचताना नहेम्याच्या पुस्तकातील पाचवा अध्याय आठवतो. पारसाच्या राजाच्या अमलात यरुशलेमचे गरीब लोक शेते, द्राक्षमळे व लेकरेबाळे गहाण पडल्याचा आकांत करीत आले. नहेम्याने सरदारांना भर सभेत जाब विचारला व शेते परत करविली. देवाच्या वचनाला गहाणखताचा विषय परका नाही.

राणीच्या पुत्रापुढे घोंगडी

पेशवाई गेली, कंपनी सरकार गेले आणि १८५८ पासून व्हिक्टोरिया राणीचे राज्य सुरू झाले. इंग्रजी राज्यात शाळेची दारे उघडली म्हणून जोतीराव त्या राज्याचे उपकार मानीत. त्यांनी इंग्रजांवर फार भरवसा ठेवला, असे काहींना वाटते, आणि ते अगदीच खोटे नाही. पण ते भाट नव्हते. १८७६ ते १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा म्हणून त्याविरुद्ध मत देणारे एकटे जोतीराव होते.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला हिशेबच दाखविला. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या मुलांना मोठे करण्यात. तेव्हा बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. १८८३ साली त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला. धर्माच्या नावाखाली भट, कर्जाच्या नावाखाली सावकार आणि कायद्याच्या नावाखाली कुळकर्णी व कारकून कुणब्याला कसे नागवितात हे त्यात सविस्तर दिले आहे. केवळ गाऱ्हाणे गाऊन ते थांबले नाहीत. ओढ्यानाल्यांना बांध घाला, तळी खोदा, शेतीच्या शाळा काढा, जनावरांची अवलाद सुधारा, असे उपायही त्यांनी सुचविले. हा ग्रंथ त्यांनी गावोगावी वाचून दाखविला, आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनाही ऐकविला.

२ मार्च १८८८ रोजी राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. पाहुणे जरीच्या पोशाखात व दागिन्यांनी मढून आले होते. जोतीराव आले ते खांद्यावर घोंगडी टाकून, कुणब्याच्या वेषात. बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी राजपुत्रास सांगितले की, या झगमगाटावरून आपल्या मातोश्रींच्या प्रजेची पारख करू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, ती उपाशी व उघडी आहे, तिच्या मुलांना शिक्षण द्या, एवढा निरोप राणीस पोहोचवा. सभा अवाक झाली. राजापुढे प्रजेचे खरे रूप घेऊन उभे राहणे हेही एक बंडच होते, आणि त्यासाठी तलवार लागली नाही.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात झालेल्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. कोणत्याही राजाने दिलेली नव्हती, म्हणून ती टिकली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या खटपटीने जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली. आपण रविवारी उपासनेस जातो. त्या दिवशी गिरणीचा भोंगा थांबविण्यासाठी सत्यशोधकांनी झुंज दिली होती हे ध्यानात ठेवावे.

अखेरचे दिवस

१८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला व उजवा हात गेला. मग त्यांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म हा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. दत्तक मुलाने क्रिया करावी हे भाऊबंदांना मान्य होईना, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या व त्यांनी स्वतः टिटवे हाती धरले. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने, १० मार्च रोजी, त्याही निवर्तल्या.

जोतीरावांनी पेरलेले पुढे उगवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या व १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध व कबीर यांच्याबरोबर फुल्यांना आपले गुरू मानले. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद होऊन राजांचे उरलेसुरले विशेष हक्कही गेले.

आपल्यापुढील प्रश्न

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे वळू. जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ते निर्मिकास मानीत, पण कोणत्याही एका ग्रंथास अखेरचा शब्द मानणे त्यांना पटले नाही. येथे त्यांचा व आपला मार्ग वेगळा आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तथापि प्रभू येशूविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. गरिबांचा कैवार घेणारा बळीराजाच त्याच्या रूपाने आला, अशा भावाने त्यांनी त्याच्याविषयी लिहिले. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावर चोहोकडून टीकेचा भडिमार झाला, तेव्हा १८८५ साली त्यांची बाजू घेऊन जोतीरावांनी लेखणी उचलली. एकाच घरात आईने बौद्ध, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान व्हावे आणि सर्वांनी प्रीतीने नांदावे, असे चित्र त्यांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात रंगविले.

मग ते आपल्या मंडळीत का आले नाहीत, हा प्रश्न विचारण्याआधी आपण दुसरा प्रश्न विचारावा हे बरे. ते आज आपल्या मंडळीत आले तर त्यांना काय दिसेल? प्रभुभोजनाला आपण एका मेजाभोवती येतो. पण मुलामुलींची लग्ने जमविताना, घराणे मूळचे कोणते, हा प्रश्न हळूच विचारला जातो की नाही? मंडळीच्या कमिटीत त्याच त्या घरांची नावे पिढ्यानपिढ्या येतात की नाही? उपासनेत मोटारीतून आलेल्यास पुढची खुर्ची व पायी आलेल्यास मागचे बाक मिळते की नाही? याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकी हीच गोष्ट धरून पहिल्या मंडळीची कानउघाडणी केली होती. हे लिहिताना आम्हांलाही संकोच वाटतो, कारण या दोषातून आम्ही सुटलो आहोत असे आम्हांस म्हणवत नाही. आपले पूर्वज ज्या जाचातून सुटण्यासाठी प्रभूकडे आले तोच जाच आपण थोड्या सौम्य रूपात दुसऱ्यास देत असू, तर मुक्ता साळवेचा तो प्रश्न पुन्हा एकदा, आणि या वेळी आपल्यालाच, विचारला जाईल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र मुलांना सांगताना १ राजे १२ मधील रहबामाची गोष्ट जोडीस घ्यावी. वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून त्याने रयतेचे जू अधिक भारी केले आणि एका दिवसात दहा वंश गमावले. नाबोथाचा मळा, नहेम्याची सभा व मरीयेचे स्तोत्र हेही घ्यावे. मोठ्या मुलांना विचारावे की, वरातीतून हटविल्यावर तुम्ही काय केले असते? मुले मोकळेपणाने उत्तरे देतील. त्यानंतर विचारावे की, आपल्या वर्गात आज मागे कोण बसले आहे?

फ्रान्सच्या सभेत काही गरीब धर्मगुरू उठून सामान्यांच्या बाकावर जाऊन बसले, हे आम्ही वर सांगितलेच आहे. प्रभूने आपली जागा कोठे धरली असती याविषयी आम्हांस शंका नाही. त्याने ती गव्हाणीतच धरली होती. शनवारा दरवाजाखालून राजे, सुभेदार व त्यांच्या पालख्या गेल्या. आज तेथून विणकर, हमाल, भाजीवाल्या व शाळेची मुले जातात. आपल्या मंडळीचे दार याच लोकांसाठी, आणि सर्वांसाठी सारखेच, उघडे असावे. प्रभू आपल्याला तशी बुद्धी व बळ देवो.